फुकटाला परवाना नको

निर्यातीस परवाना लागणाऱ्या वस्तूंची ‘स्कोमेट’ नामक जी यादी मायबाप सरकारने सिद्ध केली आहे, तीत रोगजंतू, विषारी रसायने आणि क्षेपणास्त्रांचे सुटे भाग यांच्या पंक्तीस, मजकूर कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअरही मांडी घालून बसले आहे. किल्ली ५६ बिटांहून लांब असली, की ते त्या जातीत मोडते. हे ५६ बिटांचे कुलूप १९९९ सालीच २२ तासांत फोडण्यात आले होते; परंतु असल्या क्षुल्लक गोष्टींनी यादीच्या प्रतिष्ठेला बाध येत नाही.

आता अकोल्याच्या एखाद्या तरुणाने असे सॉफ्टवेअर एकाच परदेशी गिऱ्हाइकासाठी खास बेतले आणि त्याचे मोल मागितले, की त्याने अर्ज गुदरावा, माल कोठे व कशासाठी वापरला जाणार याचा दाखला गिऱ्हाइकाच्या सहीनिशी रुजू करावा, आणि हुकमाची वाट पाहावी. परंतु तीच संहिता, स्वल्पविरामाचाही फेरफार न करता, त्याने जगातील यच्चयावत मित्र, शत्रू, चोर आणि सावकार यांना खुली व फुकट करून दिली, तर ती ‘सार्वजनिक’ ठरते, आणि सार्वजनिक ठरताक्षणीच निरुपद्रवीही ठरते! एकाला विकली तर देशाची सुरक्षितता धोक्यात, साऱ्यांना वाटली तर परवान्याची गरजच नाही. फुकटपणाच्या अंगी विष उतरवण्याचे हे सामर्थ्य खरोखरच असेल, तर यादीतील रोगजंतूंचेही एकदा मोफत वाटप करून पाहण्यास प्रत्यवाय नसावा. जे सर्वांच्या हाती पडले ते अडवून काय उपयोग, असे एखादा चतुर गृहस्थ विचारील. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र जे साऱ्यांना फुकट मिळते त्याचे दाम मागणाऱ्या एकट्या पोराला अडवून कोणता शत्रू हात चोळीत बसला, तेही त्याच गृहस्थाने सांगावे.

मला राग येतो तो निराळ्याच कारणाने. वऱ्हाडच्या मालाबाबत सरकारचे फुकटावरचे हे प्रेम फार जुने आहे. १८७० साली खामगावपर्यंत रूळ आले ते येथील कापूस बाहेर नेण्यासाठी, आणि तेव्हा त्याचा अंतिम वापर मँचेस्टरला कोणी विचारला नाही. पुढे २०१२ च्या मार्चात, गाठी सरकारी अंदाजाहून अधिक परदेशी चालल्या म्हणताच, एका फर्मानासरशी निर्यात बंद! कापसाला ना किल्ली, ना बिट, ना जंतू. तरीही अडला तो अमरावती-अकोल्याचा शेतकरी. त्याने त्या वेळी आपला कापूस ‘सार्वजनिक’ जाहीर करून गाठी जगाला फुकट वाटल्या असत्या, तर कदाचित अडवणूक झाली नसती. आणि हाती पडणारा भाव पाहता, फरक पडला असता तो फार तर हमालीचा.