गाय मोटारसायकलवर बसली हो!

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या वहिनींची किचनची खिडकी उघडी आहे, आणि विषय त्यांचाच आहे.

शनिवारी तुम्ही ओक ट्री रोडला सामान आणायला गेलात ना, तेव्हा आम्ही सगळी फौज घेऊन रूट वनवरच्या त्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. कशाला म्हणजे काय? तो निन्टेन्डोचा स्विच टू, गेमचं मशीन हो, बघायला! २०२५ च्या ५ जूनला आला, रात्री बाराच्या ठोक्याला दुकानं उघडली, चार दिवसांत जगभरात ३५ लाख खपले, आणि आमच्या नातवाचं म्हणणं असं की त्यातला एकही त्याच्या वाट्याला आला नाही, म्हणून तो जगातला सगळ्यात दुःखी मुलगा. त्यात विहीणबाई पुण्याहून आलेल्या. त्यांच्यासमोर नातवाला नाही म्हणायची कुणाची टाप! आमचे हे म्हणाले, "घ्यायचा नाही, नुसता हात लावून बघायचा." आता तुम्हीच सांगा, हात लावून कुणी कधी परत आलंय का...

तर काय सांगत होते. दुकानात शिरतो तर समोर कोण? कोपऱ्यावरच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर! मला बघून वहिनी असं हसल्या, की "आम्ही काही घ्यायला नाही हं आलो, सहजच." सहजच! रांगेत दुसऱ्या नंबरवर उभ्या होत्या बाई.

एक मशीन वर टीव्हीला जोडलेलं, आणि एक खाली काउंटरवर, तारेनं बांधून ठेवलेलं, हातात घेऊन बघायला. मी म्हटलं, आलोच आहोत तर आपणही घ्यावं. अहो, मोठा आहे हं चांगलाच. जुन्याची स्क्रीन ६.२ इंचाची होती, ही ७.९. पण जाडी तेवढीच, तसूभर जास्त नाही. वजन मात्र कळतं. जुना चारशे ग्रॅमच्या आसपास, हा अर्ध्या किलोच्या वर. झोपून खेळणाऱ्यांच्या नाकावर पडला तर... असो. आणि बाजूचे ते दोन कंट्रोलर, जॉय-कॉन हो, ते पूर्वी खाचेतून सरकवायला लागायचे, आता मॅग्नेटनं बसतात. फ्रीजच्या दाराचं कसं असतं, शेवटचं बोटभर अंतर ते स्वतःच ओढून घेतं, अगदी तस्सं. टक्! मी तीन-चारदा उगाचच काढून लावलं. दुकानातला निळ्या शर्टातला पोरगा माझ्याकडे बघत होता, पण बोलला काही नाही. मला विचाराल तर सबंध मशीनमधली सगळ्यात गोड गोष्ट तीच.

तर वहिनींचे मिस्टर. त्यांनी मागे तो ओएलईडीवाला स्विच घेतला होता ना, आणि आपल्या सगळ्यांना घरी बोलावून तो काळा रंग किती काळा दिसतो ते दाखवलं होतं? त्यांनी स्क्रीनवर नाक टेकवलं, मान वर केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एलसीडी! पुन्हा एलसीडीवर आले!" जणू काही त्यांच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलंय. निळ्या शर्टातला पोरगा समजावतोय, सर, ही १०८० पी आहे, तुमची ७२० होती, ही १२० हर्ट्झवर चालते, डॉकमध्ये ठेवलात तर टीव्हीवर फोर-के सुद्धा दिसेल. ऐकायला तयार नाहीत. "काळा करडा दिसतोय." खरं सांगू? मीही बघितलं. दिसतो थोडा करडा. पण गेममधली गाडी पळायला लागली की कोण बघतंय हो काळ्याकडे!

गाडीवरून आठवलं. विहीणबाई! अहो, त्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता. नातू म्हणाला, "आज्जी, तू खेळ, मी स्टिअरिंग स्मार्ट करून देतो." म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जातच नाही, आणि ॲक्सिलरेटरही आपोआप. मारिओ कार्ट वर्ल्ड, तो शर्यतीचा गेम, लावलेला होता. पूर्वी त्यात बारा गाड्या असायच्या, आता चोवीस. आणि खेळाडू निवडायला ही मोठी यादी. मारिओ, त्याचा भाऊ, राजकन्या... विहीणबाई सगळ्यांना ओलांडून गेल्या आणि थांबल्या कुठं? गाईवर! हो, गाय. बरीच वर्षं बिचारी मारिओ कार्टच्या कुरणात नुसती उभी असायची, तिला या वेळी खेळाडू केलंय. विहीणबाईंनी गाय घेतली, तिला मोटारसायकलवर बसवलं आणि निघाल्या. मागे आठ-दहा पोरं जमली. एक अमेरिकन बाई म्हणाली, "गो, ग्रँडमा!" आणि आमच्या विहीणबाई, ज्यांना आमच्या घरचा चहा पाणचट लागतो, त्या चौदाव्या आल्या आणि अशा काही वळल्या माझ्याकडे, की मी मागच्या जन्मीसुद्धा चौदावी आले नसेन.

फक्त मध्ये एकदा गडबड झाली. त्या खेळात रस्त्याकडेला खायच्या पुड्या असतात. डोनट, पिझ्झा, बर्गर. ते उचललं की वेग वाढतो. आणि विहीणबाईंची गाय सरळ बर्गरच्या दिशेनं... नको बाई, पुढचं विचारू नका. नातू हसून हसून खाली बसला. विहीणबाईंना आम्ही सांगितलं, व्हेज बर्गर होता.

आमच्या ह्यांचं तर वेगळंच. त्या कंट्रोलरची कड टेबलावर टेकवली की तो कॉम्प्युटरचा माउस होतो. पोरानं सांगितलं, टेबल नसलं तर पँटवरसुद्धा चालतो. झालं! आमचे हे भर दुकानात एका पायावर तोल सांभाळत मांडीवर कंट्रोलर घासतायत. लोकांना वाटलं डाग पडलाय. एका गृहस्थानं टिश्यू पेपरही पुढं केला. आणि ह्यांना त्याचं कौतुक एवढं, की घरी येईपर्यंत तेच. व्हीलचेअरवरच्या बास्केटबॉलचा एक गेम आहे, दोन हातांत दोन माउस धरून चाकं ढकलायची म्हणे. कल्पना चांगली आहे, नाही असं नाही. पण कड बारीक हो, मनगट अवघडतं. सोफ्यावर पसरून खेळणाऱ्या माणसाला माउस कशाला हवाय, ते मला काही उमगलं नाही.

बरं, आणि मॅग्नेट लावलं जिथं तिथं, पण जिथं लावायला हवं होतं तिथं नाहीच! जुन्याच्या कंट्रोलरवरच्या स्टिकचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच, आपण हात न लावता गाडी आपली डावीकडे चाललीय. त्यावरून इथं कोर्टकचेऱ्या झाल्या. मॅग्नेटवर चालणारी स्टिक असती तर झिजायचा प्रश्नच नव्हता असं माहीतगार म्हणतात. नव्यातही ती नाही. स्टिक हाताला घट्ट लागते, छान फिरते, पण नवेपणी सगळंच छान फिरतं.

तर काय सांगत होते... हां, वहिनी! असली गंमत पुढंच आहे. जरा हळू बोला.

आम्ही सगळे किमतीच्या पाटीपुढं उभे. नुसतं मशीन ४४९.९९ डॉलर, मारिओ कार्टसकट ४९९.९९. वर आपल्या न्यू जर्सीचा टॅक्स, म्हणजे ५३३ झाले. आमच्या ह्यांचा चेहरा तिथंच उतरला. एकटा मारिओ कार्ट घेतला तर ८० डॉलर! एका खेळाचे! वर लावायचा कॅमेरा घ्यायचा तर ५५ वेगळे. एप्रिलमध्ये आधी ५० सांगितला होता. मग ते आयातीवरच्या टॅरिफचं प्रकरण झालं, बुकिंग ९ एप्रिलला सुरू व्हायचं ते २४ वर गेलं, आणि मशीनची किंमत तीच ठेवून वरच्या सामानाची वाढवली. सीझनमध्ये साडी त्याच भावात आणि फॉल-पिको महाग, हे आपल्याला काय नवीन आहे! जुनं मेमरी कार्डही चालत नाही, गेम ठेवायला नवं एक्स्प्रेसवालंच लागतं. आणि काही गेमच्या डबीत गेमच नसतो हो! आतल्या कार्डात नुसती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्ड आत घालून ठेवायचं ते ठेवायचंच. आणखी ऐका, मशीनची ओळख करून देणारा जो खेळ आहे, वेलकम टूर, त्याचेही दहा डॉलर. पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि दारात तिकीट फाडायचं! २००६ मध्ये त्याच कंपनीनं वी मशीनबरोबर इथं खेळ फुकट दिला होता, आणि म्हातारेकोतारे टेनिस खेळायला लागले होते. तेव्हाची माणसं वेगळी. २०२५ मध्ये इथल्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांचं आडनावच बाउझर होतं, म्हणजे मारिओतल्या त्या खलनायकाचं. खोटं नाही सांगत, डग बाउझर. योगायोग आहे म्हणे.

तर पाटीपुढं आम्ही असे खजील उभे, आणि वहिनी गालात हसतायत. मग पदर... म्हणजे ओढणी सावरून म्हणाल्या, "आम्हाला बाई इथं घ्यायचाच नाही. माझा भाऊ टोकियोला गेलाय कंपनीच्या कामाला. तिकडे ४९,९८० येनला मिळतो. शंभरेक डॉलर वाचले!" आणि माझ्याकडे बघून, "तुम्हालाही सांगितलं असतं, पण त्याच्या बॅगेत जागा नव्हती."

मी काय बोलणार? गप्प बसले. पण तो निळ्या शर्टातला पोरगा, देव त्याचं भलं करो, अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅम, तो जपानी मॉडेल आहे. त्याला फक्त जपानी भाषा येते. अकाउंटही जपानचंच लागतं."

अहो, ती शांतता! वहिनींचे मिस्टर एलसीडी विसरले. वहिनी म्हणाल्या, "सेटिंगमध्ये जाऊन बदलता येईल की." पोरगा म्हणाला, नाही येत. सगळ्या भाषांचा हवा असेल तर तिकडे तो वेगळा मिळतो, ६९,९८० येनला. म्हणजे इथल्यापेक्षाही महाग! जपानीवाला तिकडच्या लोकांसाठी मुद्दाम स्वस्त ठेवलाय, आणि बाहेर जाऊ नये म्हणून भाषा एकच. आणि तिकडेही सुखासुखी मिळत नव्हता, सोडत काढली होती, २२ लाख लोकांनी नावं दिली. वहिनींच्या भावाचा नंबर लागला हे नशीबच... कुणाच्या नशिबी काय. वहिनींनी तिथल्या तिथं फोन लावला, टोकियोत तेव्हा पहाटेचे तीन-साडेतीन. भाऊ काय बोलला ते ऐकू नाही आलं, पण वहिनी नुसत्या "हो... हो... बरं... झोप" म्हणाल्या.

मला वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. घरी आल्यावर त्यांच्याकडे वाटीभर सांजा पाठवला मी.

आम्ही घेतला का? घेतला! विहीणबाईंनी पर्स काढली ना. त्यांच्यासमोर ह्यांना कार्ड पुढं करावंच लागलं. मी मात्र काउंटरवरच्या मुलीला बजावलं, पावती पिशवीत टाक, खोक्याला टोचू नकोस. अहो, विसरलात? पलीकडे स्टेटन आयलंडवर पहिल्याच रात्री एका दुकानात खोक्यांवर पावत्या स्टेपल केल्या, आणि पिना पुठ्ठ्यातून थेट स्क्रीनमध्ये! लोकांनी मध्यरात्री घरी जाऊन उघडलं, तर स्क्रीनवर दोन भोकं. दुकानानं बदलून दिले सगळ्यांना, पण कमाल बघा, तो स्टेपलर, ती पीन आणि तो बिघडलेला स्विच लिलावाला काढला, लहान मुलांच्या हॉस्पिटलांच्या मदतीसाठी. बोली लाख डॉलरच्या वर गेली! आपल्याकडे असे किती स्टेपलर पडलेत ड्रॉवरमध्ये.

तर काय सांगत होते. विहीणबाईंनी त्यांच्या पुण्याच्या नातवासाठीही एक घेतला. तिकडे निन्टेन्डो अधिकृत विकतच नाही, दुकानदार बाहेरून आणून मागतील तो भाव सांगतात. आणि हे आमच्या बहिणीला कळलं. नाशिकहून तिचा फोन, "ताई, विहिणीच्या नातवाला मिळतो, आणि माझ्या नातवाला?" आता एका माणसाला ठरावीक रकमेपर्यंतच ड्यूटी माफ, म्हणजे विहीणबाई एकच नेऊ शकतात. दुसरा नेला तर कस्टममध्ये बाजूला घेतील. विहीणबाईंना मी विचारून पाहिलं, तर त्यांनी तोंड असं केलं, की चहा पुन्हा पाणचट झालाय.

तुम्ही गणपतीला चाललाय ना मुंबईला? खोका एवढासाच आहे हो. अर्ध्या किलोचं मशीन, वर डॉक आणि वायरी. बॅटरी असते म्हणून हँडबॅगेत ठेवायचा, बाकी काही त्रास नाही. आणि वहिनींना नका हं सांगू.