मोर सिलॅबसमध्ये नाही

दोन गाड्या समोरासमोरून येऊ लागल्या की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. गणितातल्या गाड्या, अर्थात. अंतर, वेग, वेळ यांतल्या कुठल्याही दोघांना पुढे उभं करा, तिसऱ्याला मी हजर करतो. डेक्कन क्वीन पुणे-मुंबई 192 किलोमीटर सव्वातीन तासांच्या आसपास कापते, म्हणजे घाट धरून सरासरी ताशी साठेक, हे शेजारच्या प्रवाशाला मी न विचारता सांगतो. तो डोळे मिटून घेतो. मनात ताळा करत असावा.

सध्या भाची स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असल्याने मला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं आहे. परवा तिने विचारलं, ‘‘मामा, जाताना ताशी 40, येताना 60. सरासरी?’’ 50 म्हणणाऱ्यांची कीव करण्याची ही पर्वणीच. अंतर 120 धरा. जायला 3 तास, यायला 2. एकूण 240 किलोमीटर, 5 तास. उत्तर 48.

पण एवढ्यावर थांबेल तो मामा कसला! मी थेट भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’कडे वळलो. नऊ हात उंच खांब. वर मोर, बुडाशी सापाचं बीळ. साप 27 हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरपी झेप घेतो, दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? 12! दोघंही 15 हात आलेले. 9, 12, 15, अस्सल काटकोन त्रिकोण. आपल्या गाड्या एकमेकींना नुसत्या ओलांडून जातात. इथे एकाचा जीव जातोय. आणि मोराची अक्कल बघा, साप आहे तिथे तो झेपावत नाही, असणार तिथे झेपावतो. आता सापाने घाबरून वेग का वाढवला नाही, हा प्रश्न...

‘‘मामा, मोर सिलॅबसमध्ये नाही. प्रश्नाला मिनिटभर मिळतं. सूत्र सांग.’’

सांगितलं. गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज. तिने उतरवून घेतलं. सूत्रांचा मला खरा राग येतो तो इथे. ती उत्तर देतात आणि कारण गिळतात. 48 का? तर सावकाश टप्प्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.

हे समजावताना तिच्याकडे पाहिलं आणि माझी टकळी थांबली. पहाटे अभ्यासिका गाठायची, पुढे ढकललेल्या तारखा सोसायच्या, थोडक्यात हुकलेल्या याद्या पचवायच्या. तिचा सावकाश टप्पाच चालू आहे. गणितातल्या गाडीला सिग्नल लागत नाहीत. हिला लागतात. वर प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, ‘‘अजून किती वर्षं गं?’’

अशा समस्त काका-मावशांना माझी गणिती विनंती आहे. वेळ काढायला अंतर आणि वेग दोन्ही ठाऊक असावे लागतात. तुम्हाला यांतलं एकही ठाऊक नसेल, तर पोरीला चहा विचारा.