सत्तावन्नवाले आजोबा

मुलाच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. ते 'सत्तावन्नवाले'. हे वय नव्हे. वय ऐंशीला टेकलंय. सत्तावन्न म्हणजे त्यांच्या गॅरेजमधली 1957 सालची शेवरोले बेल एअर. वर पांढरी, खाली मोरपिशी, मागे माशाच्या परांसारखे दोन पंख. पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीआड दडवलेलं. ते शोधून दाखवा, असं आजोबा आल्यागेल्याला सांगतात. मला तीनदा सांगून झालंय आणि तिन्ही वेळा मला ते सापडलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद आपण कशाला हिरावा?

गाव मोडेस्टो, कॅलिफोर्नियातलं. भोवती बदामाच्या बागा. आजोबांना मिसरूड फुटलं तेव्हा वस्ती जेमतेम छत्तीस-सदतीस हजार. शनिवारी संध्याकाळी गावातली तमाम पोरं गाड्या काढायची. दहाव्या रस्त्याने जायचं, अकराव्याने यायचं. की पुन्हा दहाव्याने.

"पण निघायचात कुठे?" मी विचारलं.

"कुठेच नाही. कुठे जायचंच असतं तर चालत गेलो नसतो?"

यावर काय बोलणार? आम्हीही सांगलीत तासाच्या भाड्याने सायकल घेऊन विश्रामबागेत एकाच घरावरून नऊ-नऊ फेऱ्या मारलेल्या. फक्त आमच्याकडे त्याला 'लायब्ररीत जाऊन येतो' म्हणत.

"तेव्हा गॅलन तीस सेंटला होतं," हे त्यांचं पालुपद. पंपावर म्हणतात, जेवताना म्हणतात, एकदा तर कुणाच्या तरी अंत्यविधीहून परतताना म्हणाले. चौघांनी पाव-पाव डॉलर काढायचा, की बारा-साडेबारा लिटर पेट्रोल. एवढ्यात माणूस रात्रभर कुठेही न जाता हिंडू शकतो.

जॉर्ज लुकास याच गावचा. त्याने 1973 साली 'अमेरिकन ग्राफिटी' काढला, त्यात 1962 सालच्या मोडेस्टोतली अशीच एक रात्र आहे. आजोबांना चित्रपटाचा अभिमान आहे आणि रागही. "गोष्ट आमची आणि शूटिंग पेटालुमात!" पेटालुमाचं नाव ते शेजारच्या आळीने आपला गणपती पळवल्यासारखं घेतात.

पुढे कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच गावांनी या घिरट्यांवर बंदी घातली. 2024च्या जानेवारीपासून राज्याच्या कायद्याने ती उठली, तेव्हा आजोबांनी अंगणात येऊन मला ती वार्ता दिली. चेहऱ्यावर पंधरा ऑगस्ट. पण रात्री गाडी चालवायला त्यांना मुलीने बंदी केलीय. ती कुठलं विधिमंडळ उठवणार?

फेऱ्या मारून भूक लागली की ड्राइव्ह-इन. गाडीतून उतरायचं नाही. काच चार बोटं वर ठेवायची, डिपर मारायचा, की स्केट्स घातलेली मुलगी घसरत येऊन त्या काचेवर ट्रे अडकवणार. आजोबांनी असा एक ॲल्युमिनियमचा ट्रे जपून ठेवलाय. वर दोन आकडे, खाली दाराला टेकायला रबराचं बूट घातलेला पाय. ट्रे वाकडा बसला तर आजोबा स्वतः खाली वाकून काच अर्धा बोट सरकवतात, मग एक डोळा मिटून पातळी बघतात. गवंडीही ओळंबा इतक्या भक्तीने धरत नसेल.

ट्रेमध्ये बर्गर आणि रूट बिअर. ही जवळच्याच लोडाय गावात 1919 साली पाच सेंटला एक मग अशी विकली जाऊ लागली, तिचंच पुढे 'ए अँड डब्ल्यू' झालं. आजोबांनी मला आग्रहाने पाजली. बर्फासारख्या गार मगातून पहिला घोट घेतला आणि बालपण आठवलं. त्यांचं नव्हे, माझं. गुडघा मुरगळला की आई आयोडेक्स चोळायची, अगदी तोच वास.

"कशी आहे?"

"गुणकारी," मी म्हणालो.

लग्नाची गोष्टही त्या ट्रेवरच सुरू होते. आजी तिथे स्केट्सवर होत्या. आजोबांच्या मते त्यांनी एका नजरेत जिंकलं. आजी स्वयंपाकघरातून ओरडतात, "चार शनिवार तोंडातून शब्द नाही! पाचव्या शनिवारी मी हसले, तर हा घाबरून ट्रेसकट गाडी घेऊन पळाला."

परवा शनिवारी आजोबांनी सत्तावन्न गॅरेजबाहेर काढली, म्हणजे बारा फूट. मला शेजारी बसवलं. कोपर खिडकीबाहेर, रेडिओ चालू, इंजिन बंद. रस्त्याने कुत्रा फिरवणारी एक बाई गेली. तिला दोन बोटांनी सलाम. पंधरा मिनिटं आम्ही अशी गाडी हाकली. मग त्यांनी काच चार बोटं वर घेतली आणि दोनदा डिपर मारला.

घराचं दार उघडलं. आजी सपाता फरफटवत आल्या, ट्रे अडकवला, आणि तळहात पुढे केला. आजोबांनी खिसे चाचपून पाव डॉलर ठेवला.

आजींनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "आणि फुटलेले दोन मग? माझ्या पगारातून कापले होते."