जमेल तितकंच

"जमेल तितकंच करायचं," योगाच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि कुठलं तरी शिक्षण माझ्या मापाचं शिवलंय असं आयुष्यात प्रथमच वाटलं.

आमच्या घराण्यात हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही. आजोबा औंध संस्थानातले. पुण्याचं वाहतुकीत तुंबलेलं औंध नव्हे, साताऱ्याकडचं, भवानराव पंतप्रतिनिधींचं. राजेसाहेब स्वतः सूर्यनमस्कार घालत, त्यावर पुस्तक लिहीत आणि संस्थानच्या शाळांतल्या पोरांनाही घालायला लावत. त्या पोरांपैकी एक आमचे आजोबा. म्हातारपणीही सूर्याची बाराच्या बारा नावं ते अशा खड्या आवाजात घेत, की सूर्याआधी शेजारी उठत. त्यांच्या नातवाला डॉक्टरांनी 58व्या वर्षी 'हलका व्यायाम' लिहून दिला, तोही आम्लपित्ताच्या गोळीखाली.

तर साडेसहाला हॉलमध्ये सतरंजी अंथरतो. ताडासन उत्तम जमतं. एसटीच्या रांगेत जन्म गेलाय. पुढे वाकायचं आलं की हात गुडघ्यांपाशी थांबतात. तिथवरच त्यांची ओळख आहे. बाई म्हणाल्या, ठोकळा घ्या. ठोकळे, पट्टे, दोर यांच्या आधाराने आसनं करायची वाट अय्यंगार गुरुजींनी पुण्यातच घालून दिली, हे आम्हा ताठ कण्याच्या लोकांवर थोर उपकार आहेत. घरात ठोकळा नव्हता, म्हणून आजोबांच्या संग्रहातला केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक खंड घेतला. हात पोचेनात. दुसरा घेतला. ज्ञानकोशाचे एकूण खंड 23, त्यामुळे मी आशावादी आहे.

अधोमुख श्वानासनात मात्र नवं जग दिसतं. दिवाणाखालचं. तीन पेनं, गेल्या दिवाळीतली एक चकली आणि लाटणं.

"अहो, तिथे आहातच तर ते लाटणं काढा," स्वयंपाकघरातून आवाज आला. नातू त्याने क्रिकेट खेळतो. लाटणं काढायला एक हात उचलला, आणि श्वान कुशीवर आडवं झालं.

पवनमुक्तासनाबद्दल, सोसायटीतला सलोखा टिकावा म्हणून, लिहीत नाही.

मालासन म्हणजे टाचा टेकवून उकिडवं बसणं. माझ्या टाचा उचलल्या जातात, मग तोल जातो, मग पाठ टेकते. पाठ टेकली की शवासन, त्यामुळे क्रम आपोआप पुढे सरकतो. शवासन मी बाईंपेक्षा चांगलं करतो. त्यात फक्त घोरायचं नसतं.

परवा असाच पडलो होतो. डोळे किलकिले केले तर समोरून मालासन चालत येत होतं. टाचा घट्ट टेकलेल्या, हातात ओलं फडकं. कामाच्या मावशी दारापासून माझ्यापर्यंत एकदाही न उठता फरशी पुसत आल्या.

"काका, पाय वर."

बाई श्वास मोजत असताना तीन आठवड्यांत जे वीतभरही उचलले नव्हते, ते दोन्ही पाय सरळ छताकडे गेले. मावशींनी खालून फडकं फिरवलं.

"एवढ्यात टेकवू नका," त्या म्हणाल्या. "ओलं आहे."