सोमवारपासून नक्की

पुण्यातल्या कॉलेजांत अभ्यास करणारे असतात, न करणारे असतात, आणि या दोहोंच्या मधोमध, संख्येने बहुधा सर्वांत मोठी, अशी तिसरी जमात असते: वेळापत्रककार. हा अभ्यास करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. अभ्यास कसा करावा, या विषयाचा त्याचा अभ्यास चोख असतो. सेमिस्टर सुरू झालं की तो अप्पा बळवंत चौकात हजर. बाकीची मुलं तिथे पुस्तकं घ्यायला, जमल्यास जुनी मिळवायला जातात. हा पाच रंगांचे हायलायटर, स्टिकी नोट्स, वर्षाचा प्लॅनर आणि ओळी आखायला लांब पट्टी घेऊन परततो. पुस्तकांचं नंतर बघू. (मुलींनी गैरसमज करून घेऊ नये, व्याकरणाच्या सोयीसाठी ‘तो’ म्हटलं आहे, मुलांची मक्तेदारी म्हणून नव्हे.) मग तक्ता तयार होतो. पहाटे ५.०० उठणे, ५.१५ प्राणायाम, ५.३० ते ७.३० एम-थ्री (इंजिनीअरिंगचं तिसरं गणित), जेवण २० मिनिटं, रात्री ९ ते ११ उजळणी. या तक्त्यात मेसची रांग नसते, पीएमपीच्या बसची वाट बघणं नसतं, टपरीवर कोणी हाक मारत नाही आणि दुपारी डोळा लागत नाही. हा तक्ता ज्याच्यासाठी आखलेला आहे तो माणूस पुण्यात राहत नाही. अंमलबजावणी अर्थातच सोमवारपासून. तक्ता बुधवारी पुरा झाला तर गुरुवारी सुरुवात करणं त्याला अधर्म वाटतो. सोमवारी पाचचा गजर साडेसातला ऐकू आला की एम-थ्रीचे दोन तास बुडाले. दोन तास बुडाले म्हणजे तक्ता मोडला. आणि मोडका तक्ता पाळणं त्याच्या सौंदर्यदृष्टीला मानवत नाही. त्यापेक्षा नवा आखलेला बरा.

याला घरची मंडळी आळशी म्हणतात. हे निदान चुकीचं आहे. आळशी माणूस एवढ्या सरळ रेषा मारत नाही. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात भुणभुणत राहतं आणि दुसरीकडे लक्ष लागू देत नाही, हे आपण सगळे जाणतोच. त्यांना पुढे असं दिसलं की त्या कामाची नेमकी योजना आखली की भुणभुण थांबते. काम मात्र अजून झालेलं नसतं. वेळापत्रककाराला हा शोध प्रयोगशाळेवाचून लागलेला आहे. त्याला तक्ता हवा असतो तो उताऱ्यासाठी. सबमिशन आठवड्यावर आलं, छातीत धडधडू लागलं, की तो कोरा कागद काढतो, आणि रात्री अकरा वाजता त्याच्या चेहऱ्यावर सगळं झाल्याचं समाधान असतं. पुढे सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता हाच मुलगा काचेखाली ट्यूबलाइट धरून मित्राच्या शीटवरून ड्रॉइंग छापत असतो. या कलेला जीटी म्हणतात, आणि ती कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

तो मनापासून आखतो, खोटं बोलत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज नेहमी गोड असतो. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्येच या खोडीकडे बोट दाखवलं होतं. १९९४ साली कॅनडातल्या तीन संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून अधिक. म्हणजे त्यांच्या कल्पनेतलं संकटसुद्धा वास्तवापेक्षा सुखाचं होतं. यावर आपला वेळापत्रककार म्हणेल, ‘अहो, मध्ये अचानक अडचणी येतात.’ पुण्यातल्या या अचानक अडचणी तपासण्यासारख्या आहेत. गणपती अचानक येतात. त्यांच्या आधीची ढोल-ताशा पथकाची सरावाची संध्याकाळ अचानक रोज होते. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३पासून पावसाळ्यात अचानक उपटते आणि निम्मा वर्ग तालमीला जातो. दिवाळी, चुलतबहिणीचं लग्न, हेही तसंच. ज्या गोष्टी आधीपासून ठाऊक असतात, काहींच्या तर तिथी वर्षभर आधी छापून घरोघरी भिंतीवर लटकतात, त्या तक्त्यात नसतात. त्याच्या तक्त्यातला भाद्रपद हा निव्वळ तीस कोऱ्या दिवसांचा महिना असतो.

आता एक रास्त आक्षेप. ताण काही तक्ता चुकल्यामुळे येत नाही, कामाच्या डोंगरामुळे येतो. पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगला २०१९च्या अभ्यासक्रमात तीस गुणांची इन-सेम, सत्तर गुणांची एंड-सेम, त्यातच टर्मवर्क, ओरल, जर्नलवर सह्या, हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट. एवढं लादायचं आणि वर मुलालाच नियोजनाचे धडे द्यायचे, हा कुठला न्याय? आक्षेप खरा आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत राबून शिकणाऱ्या किंवा हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या मुलाला रंगीत चिठ्ठ्यांचं महत्त्व सांगणं हा उद्धटपणाच होईल. पण डोंगर मोठा आहे म्हणूनच काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच वेळापत्रककाराला जमत नाही. त्याचा तक्ता सगळं करतो: एम-थ्री, जर्मन, जिम, गिटार, स्टार्टअप. या बाबतीत शेवटच्या बाकावरचा मुलगा, जो पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागल्यावर शांतपणे एक युनिट ऑप्शनला टाकतो, तो अधिक चांगला नियोजक आहे. निदान त्याने एक निर्णय तरी घेतलेला असतो. (एकाच युनिटवर पहिला किंवा दुसरा प्रश्न सोडवा, अशी रचना आल्यापासून ही विद्या मात्र मरणपंथाला लागली.)

इथे वेळापत्रककार लोकमान्यांना पुढे करतो. पुण्यात कोणताही वाद तिथवर जातोच. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, परीक्षेत नापास झाले आणि पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले, मग एका सेमिस्टरचं एवढं काय? दाखला बरोबर आहे, फक्त तो त्याच्या विरुद्ध जातो. टिळकांनी वर्षभरासाठी एक गोष्ट धरली आणि दुसरी सोडली, आणि त्याची किंमत निकालात उघड मोजली. सकाळी जोर, दुपारी गणित, संध्याकाळी गिटार असा तक्ता आखून त्यांनी तिन्ही बुडवली नव्हती.

मग चांगलं नियोजन दिसतं कसं? त्यासाठी प्लॅनर विकत घ्यायची गरज नाही. १९७३पासून मराठी घरांत कालनिर्णय आहे, आणि त्यावर घरची बाई काय लिहिते ते पाहावं: दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, कामवालीच्या दांड्या. ही सगळी झालेल्या गोष्टींची नोंद आहे. सिलिंडर किती दिवस पुरेल असं विचारलं तर ती मागचं पान उलटून सांगते. या महिन्यापासून मी शिस्तीने स्वयंपाक करणार आहे, त्यामुळे तो तीन महिने जाईल, असं ती कधी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञही याहून वेगळं सांगत नाहीत: तसंच काम मागच्या वेळी किती दिवसांत झालं ते आधी बघा. जर्नलचा एक राईट-अप गेल्या सेमिस्टरला खरोखर किती तासांत उतरला, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचा तक्ता कुरूप असेल, त्यात भाद्रपदात फारसं काही नसेल, गिटार तर नसेलच. पण तो दुसऱ्या दिवशी मोडणार नाही.

तेव्हा घरात असा कोणी असेल तर वाढदिवसाला त्याला नवा प्लॅनर देऊ नका. मागच्या सेमिस्टरचा तक्ता शोधायला सांगा आणि प्रत्येक रकान्यासमोर त्या वेळी प्रत्यक्षात काय झालं ते लिहायला लावा. तक्ता हरवला असेल ही भीती बाळगू नका. तो सापडतो, आणि कधी वापरलेला नसल्यामुळे उत्तम स्थितीत असतो.