अहेरीत बसून लायब्ररी कशी बांधावी : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

साहित्य : अजून दम धरणारी बॅटरी असलेला एक लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट, एक पेन ड्राइव्ह आणि एक खिडकी. रेंज कोणत्या खिडकीत येते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि प्रत्येकाची खिडकी वेगळी असते. पावसाळ्यात बसला असाल तर वेळही भरपूर लागेल. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट बंद झाली की माणसे पाणी उतरण्याची वाट बघतात, तसे तुम्ही डाउनलोडची बघा.

पायरी पहिली : कोणी न मागितलेली वस्तू निवडा. उन्हाळ्यात तालुक्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर. फळीवरचा, म्हणजे पाने गोळा होतात त्या केंद्रावरचा, मुन्शी हा हिशोब वहीत बिनचूक ठेवतो आणि त्याला तुमची काहीच गरज नाही. तरीही आपण रिॲक्टमध्ये एक कंपोनंट लिहायचा : पुड्यांचा आकडा टाका, गोण्या आणि मजुरी मराठी अंकांत बघा. ही झाली तुमची लायब्ररी. गावोगावच्या पोरांनी ती आपापल्या ॲपमध्ये लावावी, अशी महत्त्वाकांक्षा आत्ताच बाळगून ठेवा.

पायरी दुसरी : जे घरात आहे ते बाजारातून आणा. इंग्रजी अंकांचे मराठी अंक करायला एखादे पॅकेज शोधा. ते आणखी दोनचार पॅकेजांवर विसंबून असेल, ती दोनचार आणखी कशावर तरी. सगळी मंडळी नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात उतरेपर्यंत चहा होतो. खरे तर जावास्क्रिप्टमधल्या इंटल.नंबरफॉरमॅटला भारतातली मराठी सांगितली की तो १२३४५६ चे १,२३,४५६ करून देतो, लाखाच्या स्वल्पविरामासकट. २०१९ मध्ये आलेल्या नोडच्या तेराव्या आवृत्तीपासून ही सोय सर्व्हरवरही मुळातच असते. पण एवढ्या साध्या गोष्टीने कोणी प्रोग्रॅमर म्हणवून घेते का?

(२२ मार्च २०१६ रोजी लेफ्ट-पॅड नावाचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरून काढून घेतले. अकरा ओळींचा कोड, काम एवढेच की मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्ये भरायची. बेबलसारखी मोठी साधने आडवळणाने त्याच्यावर टेकली होती, त्यामुळे जगभर बिल्ड अडले आणि एनपीएमला काही तासांत ते परत आणून बसवावे लागले. तुम्ही मात्र घाबरू नका, आणा.)

पायरी तिसरी : पॅकेज.जेसनमध्ये लिहिले म्हणजे झाले, असे माना. नवशिक्याची खरी दीक्षा इथे होते, म्हणून जरा थांबू.

या फाइलीत मुख्य याद्या तीन असतात. ‘डिपेंडन्सीज’ म्हणजे वापरणाऱ्याच्या घरी आपोआप उतरणारा माल. ‘डेव्ह डिपेंडन्सीज’ म्हणजे फक्त बांधणाऱ्याला लागणारी हत्यारे. तुमची लायब्ररी लावणाऱ्याकडे ती जात नाहीत. आणि ‘पिअर डिपेंडन्सीज’ म्हणजे ‘हे तुमच्याकडे असायला हवे’ अशी अट. याद्या वाचणारा एनपीएम. पण तुमचा कोड गोळा करून एक फाइल बांधणारा बंडलर वेगळा, आणि तो आपल्या वेगळ्या कॉन्फिगवर चालतो. हे दोघे एकमेकांशी बोलतात, हा नवशिक्यांचा सर्वांत गोड गैरसमज आहे.

वेबपॅक आणि व्हीट दिसेल ते इम्पोर्ट गिळून पोटात घालतात. एखादे ‘एक्सटर्नल’ आहे असे बजावले तरच ते बाहेर ठेवतात. नुसता रोलअप, नोड-रिझॉल्व्हचे प्लगइन नसेल तर, उलट वागतो : नोड मॉड्यूल्समधले काही न सापडल्यासारखे करून ते बाहेर सोडतो आणि एक पिवळा इशारा देतो, जो कोणी वाचत नाही. टीएसअप मात्र पॅकेज.जेसन उघडून बघतो, आणि डिपेंडन्सीज व पिअरमध्ये जे असेल ते आपणहून बाहेर ठेवतो. एकच कोड, एकच यादी, आणि साधन बदलले की गाठोडे बदलले.

यातून घोळ घालायचे मार्ग तीन. बंडलरने पॅकेज बाहेर ठेवले आणि तुम्ही ते चुकीच्या यादीत, म्हणजे डेव्हमध्ये टाकले, की वापरणाऱ्याकडे ‘मॉड्यूल सापडत नाही’ येते. बंडलरने गिळले आणि वर डिपेंडन्सीजमध्येही लिहिले, तर तोच माल दोनदा उतरतो. हॉटस्पॉटचा डेटा कोणाचा जातो ते सांगायला नको. या दोन्हींतून माणूस शिव्या देत का होईना, बाहेर पडतो. तिसरा मार्ग रिॲक्टलाच गिळण्याचा, आणि तो खास आहे.

तसे केले की वापरणाऱ्याच्या ॲपमध्ये रिॲक्टच्या दोन प्रती होतात, त्याची एक आणि तुमच्या पोटातली एक. स्क्रीन रंगवण्याचे काम त्याच्या प्रतीच्या भरवशावर चाललेले असते. सध्या कोणता कंपोनंट चालू आहे आणि हूकला उत्तर कोणी द्यायचे, ही नोंद रिॲक्ट आपल्याच आत ठेवतो. तुमचा कंपोनंट ‘यूजस्टेट’ अशी हाक मारतो ती तुमच्या प्रतीला, आणि तिथे ती नोंद कोरी असते. वऱ्हाडाने आपला मांडव सोबत नेला, नवरा एका मांडवात आणि नवरी दुसऱ्यात बसली, आणि भटजी मंगलाष्टके म्हणतोय, असा तो प्रकार. वर ‘इनव्हॅलिड हूक कॉल’ असा संदेश येतो, आणि वापरणारा बिचारा आपल्याच हूकमध्ये चूक शोधत रात्र काढतो. सकाळी फोन येतो : “भाऊ, तुमचं ते पुड्याचं लावलं आन् माझं ॲप बोंबललं.” उत्तर पाठ करून ठेवा : “माझ्याकडे तर बरोबर चालतेय.”

तेही खरेच असते. तुमच्या लॅपटॉपवर तिन्ही याद्यांतले सगळे एकाच फोल्डरात बसलेले असते, त्यामुळे तिथे कुठलीच चूक दिसत नाही.

पायरी साडेतीन : हे वाचून शहाणे झालात तर रिॲक्टला पिअरमध्ये टाका, बंडलरला ‘रिॲक्ट’ एक्सटर्नल सांगा आणि निश्चिंत व्हा. फार लवकर निश्चिंत झालात. २०२० मध्ये रिॲक्टच्या सतराव्या आवृत्तीबरोबर जेएसएक्स उलगडण्याची नवी पद्धत आली. तिच्यात तुम्ही न लिहिलेले एक इम्पोर्ट आपोआप घुसते, रिॲक्टच्या पोटातल्या ‘जेएसएक्स-रनटाइम’चे. रोलअपला यादीत नुसते ‘रिॲक्ट’ दिले तर तो तेवढ्याच अक्षरांचे इम्पोर्ट बाहेर ठेवतो. तिरपी रेघ देऊन पुढे काही आले की ते त्याला परके, म्हणून नोड-रिझॉल्व्हचे प्लगइन असेल तर पोटात. बांधलेली फाइल एकदा डोळ्यांनी उघडून बघा. शंभरेक ओळींच्या कंपोनंटची फाइल फुगलेली दिसली तर आत पाहुणा आहे. दोन्ही नावे द्या, नाहीतर दोन्हींना पुरेल असा रेग्युलर एक्स्प्रेशन.

पिअरची आवृत्ती घट्ट बांधण्याचा मोहही आवरा. २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून एनपीएम पिअर स्वतः उतरवतो आणि जुळले नाही तर काम थांबवतो. तुम्ही फक्त अठरावे रिॲक्ट चालेल असे लिहिले आणि समोरच्याने एकोणिसावे घेतले असेल, तर तो ‘लिगसी-पिअर-डेप्स’चा झेंडा लावून तुमची अट धुडकावणार. अटी अशाच मोडायला शिकवल्या जातात.

आता अहेरीपुरती एक गोष्ट, जी पुण्या-बंगळुरूच्या मार्गदर्शिकांत मिळत नाही. लायब्ररी हलकी ठेवा, सगळे बाहेरून येऊ द्या, हा तिथला सल्ला धडधाकट नेट गृहीत धरतो. इथे लहान गोष्ट गिळलेलीच बरी. तेंदूच्या हिशोबाला लागणारे एखादे दोनशे ओळींचे पॅकेज पोटात घ्या, डिपेंडन्सीजमधून त्याचे नाव काढून डेव्हमध्ये टाका, सोबत त्याचा परवाना ठेवा. मोठे काही खरोखर न्यायचे असेल तर ‘बंडल डिपेंडन्सीज’ नावाचा एक विसरलेला कप्पा आहे. त्यात लिहिलेली पॅकेजे एनपीएम त्याच गठ्ठ्यात भरतो. रिॲक्टला मात्र यातले काही लागू नाही. तो ॲपवाल्याचा, त्याचाच राहू द्या.

शेवटची पायरी : प्रकाशित करण्याच्या हुरुपात ही हमखास गाळली जाते. ‘एनपीएम पॅक’ ही आज्ञा द्या. जी टीजीझेड फाइल बनेल ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर, एखाद्या साध्या रिॲक्ट ॲपमध्ये, हॉटस्पॉट बंद करून, ‘ऑफलाइन’चा झेंडा लावून बसवा. जे अडेल ते तुम्ही गुपचूप नेटवर सोडून दिलेले ओझे. ते ठरवून सोडले असेल तर ठीक, नाहीतर पायरी तिसरीकडे परत.

घाई करू नका, कारण एनपीएमवर १.०.० एकदा चढले की ते काढून टाकले तरी तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. दुरुस्ती १.०.१ म्हणूनच जाते.