सायटेशन विकणाऱ्यास खुले पत्र

सायटेशनचे घाऊक व्यापारी यांस,

वऱ्हाडातल्या किन्हीराजा गावाहून हे पत्र. आमच्याकडे सोयाबीन बाजारात नेलं की आधी मूठभर दाणे हातावर घेऊन ओलावा बघतात, मगच भाव बोलतात. तुमच्या बाजारात माल न बघताच भाव फुटतो.

गूगल स्कॉलरवर शोधनिबंधाखाली ‘साइटेड बाय’ म्हणून एक आकडा असतो. त्या कामाचा आधार पुढे किती निबंधांनी घेतला, ते तो सांगतो; असा एकेक आधार म्हणजे एक सायटेशन. तो आकडाच तुम्ही विकायला काढलात. 2010 मध्ये फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी संगणकाकडून निरर्थक निबंध लिहवून घेतले, ते एकमेकांना जोडले आणि आइक अंतकारे नावाच्या, कधी जन्मालाच न आलेल्या शास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून काढलेला दर्जाचा आकडा, 94 वर नेला. तो आइनस्टाइनच्याही वर गेला! लाबे यांनी हे धोका दाखवायला केलं. तुम्ही त्याचं दुकान थाटलंत. 2024 मध्ये अबू धाबीच्या संशोधकांनी एका बनावट शास्त्रज्ञासाठी 300 डॉलरला 50 सायटेशन खरेदी करून तुमचा धंदा उघडा पाडला.

खरं सायटेशन कसं मिळतं ते ऐका. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दामोदर कोसंबींचा 1944 चा निबंध जेमतेम चार पानांचा. गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र त्यात आहे. सोयाबीनचे जनुकीय नकाशे काढणारे आजही ते वापरतात, म्हणून कोसंबींचं नाव घेतात. त्यांचं 1943 चं दुसरं मोलाचं काम मात्र जग, नंतर तेच मांडणाऱ्या कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखतं. म्हणजे खरा आकडासुद्धा सगळं श्रेय पोचवत नाही. मग तुमच्या खोट्या आकड्याची काय पत?

तुमच्या गिऱ्हाइकाला नोकरी मिळते, तेव्हा वऱ्हाडातल्या शेतात तीन-तीन हंगाम नोंदी ठेवणारी पोर मुलाखतीतून रिकाम्या हाताने परतते. तिची जागा तुम्ही विकलेली असते. ही चोरी आहे.

आणि निवड समित्यांनो, या चोराला गिऱ्हाईक तुम्ही पुरवता. आकड्यावर थांबू नका. त्यावर क्लिक करा, कोणी आणि कशासाठी आधार घेतला ते बघा आणि उमेदवाराचा एक तरी निबंध पूर्ण वाचा. तुम्ही वाचायला लागलात की हे दुकान बंद पडेल.

किन्हीराजाचा एक वाचक